गावच्या निवडणुकीची रचना आणि पदाधिकाऱ्यांचे मानधन बदलायचे असल्यास: कोणती मागणी, कोणाकडे आणि केव्हा

पुणे जिल्ह्यातील ग्रामपंचायती, नगरपंचायती आणि छोट्या नगरपरिषदांच्या हद्दीतील नागरिक निवडणूक जवळ आली की बहुधा एकच निवेदन तयार करतात. प्रभाग चुकीचे पाडले आहेत, सरपंच थेट जनतेतून नको किंवा हवाच, मतदार यादीतून नावे गेली आहेत आणि मानधन तुटपुंजे आहे, अशा चारही तक्रारी त्यात एकत्र असतात. खाली दीड-दोनशे सह्या असतात आणि निवेदन तहसीलदारांच्या हाती दिले जाते. या चार तक्रारींचा निर्णय चार वेगवेगळ्या ठिकाणी होतो. तहसील कार्यालयाला त्यांपैकी एखाद्याच मागणीवर काही करता येते, आणि तेही ती मुदतीत आली असेल तरच. उरलेल्या मागण्या आवक नोंदवहीत राहतात आणि पाच वर्षांनी तेच निवेदन पुन्हा लिहिले जाते. हे टाळायचे असेल तर पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत.

टप्पा १: आपल्याला कोणता कायदा लागू आहे ते ठरवा

ग्रामपंचायतीला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ लागू होतो आणि तिचा विभाग ग्रामविकास आहे. नगरपरिषद व नगरपंचायत यांना महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ लागू होतो आणि त्यांचा विभाग नगरविकास आहे. ही गोष्ट उघड वाटते, तरी चूक इथूनच सुरू होते, कारण जिल्ह्यातील अनेक गावांचा दर्जा अलीकडच्या वर्षांत बदलला आहे. वडगाव मावळ, देहू, मंचर आणि माळेगाव बुद्रुक इथे ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेली, नंतर तिथून वगळली गेली आणि आता त्यांची स्वतंत्र नगरपरिषद आहे. अशा ठिकाणी जुन्या ग्रामपंचायतीच्या काळातील नमुना अर्ज आजही हातोहात फिरतात आणि त्यांतील कलमे आता गैरलागू असतात.

तपासा: निवेदनात लिहिलेला अधिनियम, विभागाचे नाव आणि आपल्या संस्थेचा आजचा दर्जा ही तिन्ही एकमेकांशी जुळतात का?

टप्पा २: मागण्या वेगळ्या करा

प्रमुखाची निवड थेट मतदारांनी करायची की निवडून आलेल्या सदस्यांनी, हे राज्याचा कायदा ठरवतो. तो बदलण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे. ग्रामसभेला तो नाही आणि जिल्हाधिकाऱ्यांनाही नाही. सदस्यसंख्याही कायद्यानेच लोकसंख्येशी बांधलेली आहे. ग्रामपंचायतीत १५०० लोकसंख्येपर्यंत ७, ३००० पर्यंत ९, ४५०० पर्यंत ११, ६००० पर्यंत १३, ७५०० पर्यंत १५ आणि त्यापुढे १७ सदस्य असतात, तर नगरपंचायतीत १७ सदस्य निवडून येतात. वस्त्या विखुरलेल्या आहेत म्हणून आणखी दोन जागा द्या, अशी मागणी कितीही रास्त असली तरी जिल्हा पातळीवर कोणी मान्य करू शकत नाही.

मानधनाचे दर राज्य शासन निर्णयाने ठरवते. प्रभागांच्या सीमा, आरक्षणाची सोडत आणि मतदार यादी या गोष्टी जाहीर झालेल्या निवडणूकपूर्व कार्यक्रमानुसार ठरावीक अधिकाऱ्यांसमोर, ठरावीक दिवसांत चालतात. गावाच्या स्वतःच्या हातात अंदाजपत्रक राहते, म्हणजे मंजूर मानधन आणि भत्ते वेळेवर देण्यासाठी तरतूद करणे.

प्रत्येक मागणीसाठी स्वतंत्र कागद करावा. एका कागदावर एक विषय, एक कार्यालय आणि एक नेमकी विनंती असावी. सह्या गोळा करणाऱ्यांना हे जिकिरीचे वाटते, पण एकत्र निवेदनातील प्रभागाची हरकत अनेकदा हरकत म्हणून नोंदलीच जात नाही. मग सुनावणीची नोटीसही निघत नाही.

टप्पा ३: कागद आधी, मागणी नंतर

हरकतींची मुदत बहुधा आठवडाभराची असते, आणि माहिती अधिकारातील उत्तराला कायद्याने ३० दिवस दिलेले आहेत. त्यामुळे प्रारूप रचना, म्हणजे हरकतींसाठी प्रसिद्ध होणारी प्रभागांची कच्ची रचना, जाहीर झाल्यावर कागद मागवणाऱ्याला ते कधीच वेळेत मिळत नाहीत. संस्थेची मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी हे काम सुरू करावे.

मागवायचे कागद असे: मागील निवडणुकीची अंतिम प्रभाग रचना आणि तिचा नकाशा, २०११ च्या जनगणनेतील गावाची प्रगणक गटनिहाय (प्रगणक गट म्हणजे जनगणनेसाठी एका प्रगणकाला नेमून दिलेला वस्तीचा भाग) लोकसंख्या, त्यात अनुसूचित जाती व जमातींचे आकडे वेगळे, मागील दोन निवडणुकांतील प्रभागनिहाय आरक्षण, आणि मानधन व बैठक भत्त्यावर मागील तीन वर्षांत झालेला खर्च. गावातील जाणकार माणसे लोकसंख्या तोंडपाठ सांगतात, पण प्रभाग रचना जनगणनेच्या प्रसिद्ध आकड्यांवर होते. हिंजवडी किंवा चाकणच्या पट्ट्यातील गावांत आजची वस्ती २०११ च्या कित्येक पट झालेली दिसते आणि लोकांचा संताप समजण्यासारखा आहे. तरीही आजच्या घरांची मोजणी करून केलेली हरकत टिकत नाही.

माहिती अधिकाराच्या अर्जाबाबत महाराष्ट्राच्या नियमांतील दोन अटी लक्षात ठेवाव्यात: अर्ज १५० शब्दांच्या आत असावा आणि त्यात एकच विषय असावा. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. वरील चार गोष्टींसाठी चार अर्ज करावेत.

इशारा: अर्ज असो वा हरकत, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. नुसत्या सहीची पोच पुढे उपयोगी पडत नाही.

टप्पा ४: ग्रामसभेचा ठराव, आणि त्याचा खरा उपयोग

ग्रामसभेच्या ठरावाने कायदा बदलत नाही, प्रभागही बदलत नाही. तरीही ठराव घ्यावा, कारण आमदार, जिल्हा परिषद आणि मंत्रालय यांच्यासमोर गावाचे म्हणणे एखाद्या गटाचे नसून गावाचे आहे हे त्यानेच दाखवता येते. मात्र तो नियमाने झालेला असला पाहिजे.

वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे रूढ दिवस आहेत. आपला विषय सभेच्या नोटिशीत छापून यायला हवा, म्हणून सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्याकडे लेखी मागणी सभेच्या किमान पंधरा दिवस आधी द्यावी. आयत्या वेळच्या विषयांत घेतलेला ठराव कमकुवत असतो आणि विरोधक तो सहज उडवून लावतात. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथेही हा विषय ठेवावा आणि तिचे म्हणणे ठरावात नोंदवून घ्यावे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते.

ठरावाची भाषा हा या टप्प्याचा गाभा आहे. “प्रभाग रचना अन्यायकारक आहे, ती रद्द करावी” या वाक्यातून कोणत्याही अधिकाऱ्याला काही करता येत नाही. त्याऐवजी कोणती वस्ती, कोणत्या प्रभागातून कोणत्या प्रभागात, कोणत्या कारणासाठी, आणि हा ठराव कोणाकडे पाठवायचा, एवढे सगळे ठरावात असावे. सूचक व अनुमोदकांची नावे, बाजूने व विरोधात पडलेली मते नोंदवून घ्यावीत. विरोध झाला असेल तर तो लपवू नये, कारण विरोधाची नोंद असलेला ठराव अधिक विश्वासार्ह वाटतो.

तपासा: इतिवृत्तात उतरलेला मजकूर सभेत वाचलेल्या मजकुराशी शब्दशः जुळतो का? सभेनंतर आठवडाभरात ठरावाची साक्षांकित प्रत मागून घ्यावी.

नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत ग्रामसभा नसते. तिथे आपल्या प्रभागाच्या सदस्यामार्फत विषय सर्वसाधारण सभेपुढे आणावा लागतो.

टप्पा ५: प्रारूप प्रभाग रचनेवर हरकत

नागरिकांच्या हातात प्रत्यक्ष काही असेल तर ते इथे, म्हणून सर्वांत जास्त कष्ट याच टप्प्यावर घ्यावेत.

ग्रामपंचायतीत तहसीलदारांच्या देखरेखीखाली तलाठी, मंडळ अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी जागेवर पाहणी करून कच्चा आराखडा करतात. पाहणीच्या दिवशी गावातील दोन-तीन माहीतगार माणसांनी तिथे हजर राहावे आणि ओढा, रस्ता, वाडी यांची नावे बरोबर लिहिली जात आहेत ना ते पाहावे. नकाशातील एक चुकीचे नाव पुढे सगळी सीमा बिघडवते. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती तहसीलदारांकडे द्यायच्या असतात, सुनावणी उपविभागीय अधिकारी घेतात आणि अंतिम मान्यता जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर होते. नगरपरिषद व नगरपंचायतीत आराखडा मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात तयार होतो. हरकती कोणी स्वीकारायच्या, सुनावणी कोणी घ्यायची आणि शेवटचा दिवस कोणता हे त्या वेळच्या कार्यक्रमाच्या सूचनेत छापलेले असते. मागच्या वेळी अमुक साहेबांकडे दिली होती, या आठवणीवर विसंबू नये.

हरकत लिहिण्यापूर्वी आकडेमोड करावी. प्रत्येक जागेमागची लोकसंख्या सरासरीच्या १० टक्के कमी किंवा जास्त, एवढ्या मर्यादेत असावी लागते. उदाहरणादाखल ४२०० लोकसंख्येचे गाव घेऊ. तिथे सदस्य ११ आणि जागेमागची सरासरी सुमारे ३८२. ग्रामपंचायतीच्या प्रभागात दोन किंवा तीन जागा असतात, म्हणून चार प्रभाग दोन जागांचे आणि एक तीन जागांचा, अशी विभागणी करता येते. दोन जागांच्या प्रभागाची लोकसंख्या ६८७ ते ८४० आणि तीन जागांच्या प्रभागाची १०३१ ते १२६० या दरम्यान बसली पाहिजे. आता प्रारूपात दोन जागांच्या एका प्रभागात ९०५ आणि शेजारच्या तशाच प्रभागात ६४० लोक दाखवले असतील, तर दोन्ही मर्यादेबाहेर आहेत. सीमेलगतचा १२० लोकांचा प्रगणक गट हलवला की ७८५ आणि ७६० होतात आणि दोन्ही मर्यादेत येतात. अशी हरकत फेटाळायची तर अधिकाऱ्यांना कारण लिहावे लागते.

आकड्यांपाठोपाठ भूगोल तपासावा. सीमा नदी, ओढा, रस्ता, लोहमार्ग अशा ठळक खुणांवरून जाते का, प्रभाग सलग आहे का, प्रगणक गट फोडला आहे का, आणि अनुसूचित जाती-जमातींची वस्ती दोन प्रभागांत विभागली गेली आहे का, हे चार प्रश्न विचारावेत. भोर, मुळशी, राजगड या तालुक्यांतील डोंगराळ गावांत नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन वाड्यांमध्ये पावसाळ्यात जा-ये होत नाही. अशा ठिकाणी प्रत्यक्ष रस्त्याचे अंतर लिहून द्यावे आणि जमल्यास छायाचित्रे जोडावीत.

हरकतीचा मजकूर एका पानात बसवावा: अर्जदाराचे नाव, मतदार यादीतील भाग व अनुक्रमांक, कोणत्या प्रभागाच्या कोणत्या सीमेवर हरकत आहे, नियमाचा भंग कुठे होतो, आणि पर्यायी सीमा काय असावी. सोबत नकाशाच्या प्रतीवर जुनी सीमा एका रंगाने व सुचवलेली दुसऱ्या रंगाने आखावी, आणि बदलानंतर बाधित होणाऱ्या प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या द्यावी. आपला प्रभाग नीट करताना शेजारचा बिघडत असेल, तर सुनावणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

इशारा: “अमुक उमेदवाराच्या सोयीसाठी प्रभाग पाडला” हे वाक्य हरकतीत लिहू नये. ते खरे असले तरी सिद्ध करता येत नाही, आणि त्यामुळे आकड्यांवरचे लक्ष उडते. आरक्षणाबद्दलची तक्रारही इथे मिसळू नये, तिच्यासाठी सोडतीनंतर वेगळी मुदत असते. सरपंचपदाचे आरक्षण तर तालुक्यातील सर्व ग्रामपंचायतींचे एकत्रित ठरते, त्याचा या हरकतीशी संबंधच नाही.

सुनावणीला मूळ अर्जदाराने स्वतः जावे. पंधरा-वीस जणांनी गर्दी करण्यापेक्षा आकडे माहीत असलेल्या एकाने बोलावे. बोलणे झाल्यावर तेच म्हणणे लेखी देऊन त्याचीही पोच घ्यावी. काही मंडळी हरकत न घेता सरळ उच्च न्यायालयात जाण्याचे ठरवतात. निवडणुकीच्या प्रक्रियेत न्यायालयांच्या हस्तक्षेपाला राज्यघटनेनेच मर्यादा घातल्या आहेत, आणि मुदतीत हरकत न घेणाऱ्याची बाजू तिथे आणखी लंगडी पडते.

टप्पा ६: मतदार यादी

स्थानिक निवडणुकीसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. ठरलेल्या तारखेला अस्तित्वात असलेली विधानसभेची यादीच प्रभागांनुसार फोडली जाते. प्रारूप प्रभाग यादी प्रसिद्ध झाल्यावर नवे नाव घालण्याचा अर्ज घेऊन जाणारे म्हणूनच रिकाम्या हाताने परततात. त्या वेळी एवढ्याच गोष्टी दुरुस्त होतात: नाव चुकीच्या प्रभागात गेले, विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीत आले नाही, किंवा लेखनिकाची चूक झाली.

नवे नाव हवे असल्यास नमुना ६ आणि पत्ता बदलला असल्यास नमुना ८ हे अर्ज विधानसभेच्या यादीसाठी कित्येक महिने आधी भरावेत. वयाच्या पात्रतेसाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, त्यामुळे अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींना वर्षभर थांबावे लागत नाही. पुण्यात नोकरीला राहणाऱ्या पण गावाकडे मत ठेवू इच्छिणाऱ्या कुटुंबांनी नाव एकाच ठिकाणी आहे याची खात्री करावी.

तपासा: आपल्या वस्तीतील शंभर नावे सलग घेऊन प्रभाग यादीशी ताडून पाहावीत. एकाच गल्लीतील नावे दोन प्रभागांत विखुरलेली आढळली तर चूक संपूर्ण भागाची असण्याची शक्यता आहे, आणि ती एकत्र यादी जोडून दाखवावी.

टप्पा ७: मानधन

मानधन हा विषय गावात संकोचाने बोलला जातो, आणि तो संकोच मला चुकीचा वाटतो. दिवसाचा रोज बुडवून पंचायतीत येणाऱ्या सदस्याला काहीच मिळत नसेल, तर ज्याला रोजाची चिंता नाही तोच उभा राहतो.

सप्टेंबर २०२४ मधील निर्णयाने सरपंचांचे मासिक मानधन दुप्पट झाले. २००० पर्यंत लोकसंख्येच्या गावात ३००० वरून ६०००, २००१ ते ८००० लोकसंख्येसाठी ४००० वरून ८००० आणि त्यापुढे ५००० वरून १०,००० रुपये. उपसरपंचांसाठी हेच आकडे अनुक्रमे २०००, ३००० आणि ४००० रुपये असे आहेत. हे दर ग्रामपंचायत स्वतः वाढवू शकत नाही. सर्वानुमते ठराव करून जादा रक्कम दिली तर ती लेखापरीक्षणात आक्षेपार्ह ठरते आणि वसुली निघू शकते.

गावाला तीन गोष्टी करता येतात. अंदाजपत्रक तयार होण्याच्या वेळी, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास, पंचायतीच्या वाट्याच्या रकमेची पुरेशी तरतूद आहे का ते पाहता येते. मानधन थकले असेल तर महिनावार थकबाकीचा तक्ता करून गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करता येते. दर वाढवायचा असेल, विशेषतः सदस्यांचा बैठक भत्ता, तर ठराव जिल्हा परिषदेमार्फत ग्रामविकास विभागाकडे पाठवता येतो. सोबत पंचायतीचे वार्षिक उत्पन्न आणि वाढीमुळे पडणारा बोजा यांचा आकडा द्यावा, कारण खर्चाचा अंदाज नसलेला प्रस्ताव खालीच अडकतो.

इशारा: निवडून आलेल्यांचे मानधन आणि नोकरांचे वेतन एकाच मागणीत घालू नये. ग्रामपंचायत अधिकारी जिल्हा परिषदेच्या सेवेत असतो, मुख्याधिकारी राज्याच्या सेवेत असतो आणि त्यांच्या वेतनावर गावाचा अधिकार नाही. पाणीपुरवठा किंवा सफाई कर्मचाऱ्यांचा खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या मर्यादेशी बांधलेला असल्याने तो प्रश्न वेगळ्या कागदावर मांडावा.

टप्पा ८: कायद्यातच बदल हवा असेल तर

सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. नगराध्यक्षपदाबाबतही २०२० आणि २०२२ मध्ये असेच उलटसुलट बदल झाले. यावरून एवढे कळते की ही गोष्ट बदलू शकते, पण सत्तेतील पक्षांनी ठरवले तरच. एका गावाचा ठराव मंत्रालयात जाऊन पडून राहतो. तालुक्यातील वीस-पंचवीस ग्रामसभांनी एकाच मजकुराचे ठराव केले आणि ते एकत्र आमदारांच्या हाती दिले, तर त्यावर सभागृहात प्रश्न येण्याची शक्यता निर्माण होते. अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, पावसाळी जून-जुलैच्या सुमारास मुंबईत आणि हिवाळी डिसेंबरमध्ये नागपूरला होते. ठराव अधिवेशनाच्या किमान दीड महिना आधी पोहोचवावेत.

मजकुरात केवळ “थेट निवड नको” असे न लिहिता अडचण लिहावी: उदाहरणार्थ, सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या गटाचे असल्याने किती सभा तहकूब झाल्या, किती कामांचे ठराव रखडले. ही आकडेवारी इतिवृत्तांतून मिळते. थेट निवडीच्या बाजूने असलेल्यांनीही तसेच करावे आणि पूर्वी सदस्यांमधून सरपंच निवडताना काय घडत होते ते नोंदींसह द्यावे.

काही गावे वेगळा मार्ग धरतात आणि नगरपंचायतीची मागणी करतात. तसे झाले तर निवडणुकीची रचना आणि मानधन दोन्ही बदलतात, हे खरे आहे. मात्र ग्रामसभा जाते, निवडणूक होईपर्यंत प्रशासकाचा कारभार येतो, करांची आकारणी बदलते आणि रोजगार हमीसारख्या ग्रामीण योजनांचा लाभ थांबतो. शासन आधी मसुदा प्रसिद्ध करते आणि हरकतींसाठी किमान ३० दिवस देते. ही मुदत प्रभागांच्या हरकतीपेक्षा मोठी असल्याने त्या काळात गावात वस्तीनिहाय बैठका घेता येतात. बैठकीत घरपट्टीचा आजचा दर आणि जवळच्या नगरपंचायतीतील दर शेजारी शेजारी लिहून दाखवावा, आणि रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या कुटुंबांची संख्या आधीच काढून ठेवावी, कारण हरकतीत हेच दोन आकडे मागितले जातात.